मागच्या चाकाला दर वेळी दोन चिरा: टेकडीवर पिंच पंक्चर थांबवायचं कसं?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी,

पावणेदोन महिन्यांत माझ्या सायकलचं मागचं चाक चार वेळा बसलं. पुढचं एकदाही नाही. चारही वेळा ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, मध्ये जेमतेम बोटभर अंतर. टायर आतून बोटं फिरवून तपासला. काटा नाही, काच नाही, तारेचा तुकडा नाही. शोधल्यावर कळलं की याला पिंच पंक्चर किंवा स्नेकबाईट म्हणतात. नाव कळलं, पण पंक्चर काही थांबलं नाही.

सायकल साधी हार्डटेल आहे. पुढे १०० मिमी दबणारा फोर्क, मागे सस्पेन्शन नाही. चाकं २७.५ इंची, टायर २.१० इंच रुंद, वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड. सायकलचं वजन साडेचौदा किलो, माझं ६२, पाठीवरची पिशवी पाण्यासकट ४.

दर रविवारी पहाटे पुण्यात पंचवटीच्या बाजूनं वेताळ टेकडीवर चढते, देवळापर्यंत जाते आणि खाणीच्या अंगानं उतरते. ज्यांनी ती वाट पाहिली आहे त्यांना माहीत असेल, पावसाळ्यानंतर मुरूम वाहून जातो आणि खालचा काळा कातळ उघडा पडतो. चारपैकी तीन पंक्चर एकाच जागी झाली. उतार संपतो, एक छोटी घळ लागते आणि घळीच्या पलीकडे कातळाची कड समोर येते. चार बोटं उंच असेल, पण धार अगदी पाट्यासारखी सरळ. मी हँडल उचलून पुढचं चाक वर घेते, ते नीट जातं, आणि मागून "टक्" असा आवाज येतो. पुढे पन्नास पावलांत चाक पूर्ण बसलेलं.

हवेबद्दल: ओळखीच्या एका रायडरनं सांगितलं होतं की डोंगरात हवा कमी ठेव, पकड चांगली मिळते. पकड खरंच चांगली मिळते, उतारावर सायकल घसरायची थांबली. त्यामुळे मी निघताना अंगठ्यानं दाबून थोडी हवा सोडते. दुकानात विचारलं तर म्हणाले, "मॅडम, टाइट हवा मारा, विषय संपला." तसं करून एक रविवार गेले. पंक्चर झालं नाही, पण सायकल खड्यांवर चेंडूसारखी उडत होती आणि वळणावर पुढचं चाक निसटून मी गुडघ्यावर पडले. तो उपाय मला नको आहे.

जाड ट्यूब घ्यावी का? टायर बदलावा? की ट्यूबलेसच करून टाकावं? बजेट फार नाही, तीन हजारांच्या आत काही होत असेल तर बरं. आणि एक खरा प्रश्न: कमी हवा आणि पंक्चर नाही, हे दोन्ही एकत्र मिळतं का?

---

आडवाट_नाशिक

ट्यूबलेस करा. ट्यूबच नसेल तर चिमटा बसणार कशाला?

मी २९ च्या चाकावर २.३ चे टायर चालवतो, पुढे २२, मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). माझं वजन ७४. अंजनेरीच्या पायथ्याच्या वाटांवर दोन वर्षं फिरतोय, या प्रकारचं पंक्चर एकदाही झालं नाही. बाभळीचे काटे तर किती घुसले असतील, आतलं सीलंट भोक बुजवून टाकतं. चाकं बनवणाऱ्या माविक कंपनीनं १९९९ साली मिशलँ आणि हचिन्सन या टायर कंपन्यांसोबत डोंगरी सायकलसाठी ट्यूबलेसची पद्धत आणली, म्हणजे हे काही नवं खूळ नाही.

पण तीन हजारांत बसवताना आधी रिम बघा. रिमवर "ट्यूबलेस रेडी" असं काही लिहिलेलं आहे का? टायरवर आहे का? साध्या रिमवर टेप गुंडाळून, साधा टायर चढवून लोक करतात, मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. वळणावर टायरची कड रिमवरून सुटली आणि सगळं सीलंट माझ्या पायावर. त्यानंतर पैसे साठवून रिमच बदलली. माझं ऐकाल तर अर्धवट ट्यूबलेस करू नका.

आणखी एक, सीलंट आपल्याकडच्या उन्हात लवकर सुकतं. २९ च्या चाकात मी ९०-१०० मिली घालतो, एप्रिल-मेमध्ये दोन महिन्यांत टायर उघडून बघावं लागतं, आत रबराची साय धरलेली असते. तरी पिशवीत एक ट्यूब असतेच.

---

जुनं_दुकान

टेकडीवाली, तुम्ही प्रश्न फार नीट मांडला आहे. चिरा किती, कुठल्या चाकाला, कुठल्या जागी, वजन किती, सगळं दिलंत. त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. एकच गोष्ट दिली नाहीत, हवा किती होती. आणि माझं म्हणणं असं की तुमचं सगळं दुखणं त्या एका न दिलेल्या आकड्यात आहे. "कमी हवा" हा आकडा नव्हे.

थोडं माझ्याविषयी, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. आमचं नारायण पेठेत सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती आणि तासावर भाड्यानं सायकली. शाळेतून आल्यावर पंक्चर काढायचं काम माझं. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब फिरवायची, बुडबुडा आला की तिथं बोट. दोन चिरांचं पंक्चर वडील पाण्यात न घालता ओळखायचे आणि म्हणायचे, "चिमटा बसलाय." गिऱ्हाइकाला विचारायचे, कॅरियरवर कोण होतं? कोणीतरी असायचंच. डबलसीट, हवा कमी, आणि फुटपाथची कड. मग मी ३१ वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. तिथं एक सवय अंगात मुरली की मोजल्याशिवाय बोलायचं नाही. निवृत्त झाल्यावर डोंगरी सायकल घेतली आणि या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

आता अंगठ्याचं बघू. अंगठ्यानं हवा बघायची पद्धत आली जुन्या काळ्या सायकलींपासून. त्यांचे टायर २८ गुणिले दीडचे, अरुंद, पातळ नक्षीचे. शिवाय त्यांच्या वॉल्व्हमध्ये रबराची वॉलट्यूब असायची, त्यात गेज लावून हवा मोजता यायचीच नाही. म्हणून अंगठा. वडिलांचा अंगठा त्या टायरवर अचूक होता, कारण दिवसाला साठ-सत्तर चाकं त्याखालून जायची. तोच अंगठा २.१० च्या टायरवर फसतो. टायर जितका रुंद, तितकं त्याचं कापड त्याच हवेला जास्त ताणलं जातं. म्हणजे अरुंद टायरमध्ये ३० पीएसआय मऊ लागते आणि रुंद टायरमध्ये तीच ३० घट्ट लागते. वर जाड रबराची नक्षी. आपल्याला वाटतं अजून बरीच आहे, आणि आपण आणखी सोडतो. मी पैजेवर सांगतो, तुमच्या मागच्या चाकात निघताना २० च्या आसपास हवा असणार.

चिमटा बसतो कसा ते एकदा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही, पिशवी, सायकल मिळून ८० किलो. बसून चालवताना त्यातले साधारण ६० टक्के मागच्या चाकावर, म्हणजे ४८ किलो. २० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १.४ किलो. तेव्हा ४८ किलो तोलायला टायर जमिनीवर सुमारे ३४ चौरस सेंटीमीटर पसरतो. सपाट जमिनीवर ते छान, तीच तुमची पकड. ३२ पीएसआयला तो २१ वरच तोलतो. पण कातळाची कड सपाट नसते, ती एक रेघ असते. तिच्यावर पसरायला जागाच नाही, म्हणून टायर पसरण्याऐवजी आत खचत जातो, शेवटी रिमच्या दोन्ही कडा टायरसकट दगडावर आपटतात. मध्ये सापडलेली ट्यूब दोन जागी कापली जाते. रिमला कडा दोन, म्हणून चिरा दोन. तो "टक्" आवाज रिमचा. ट्यूबचा दोष नाही, टायरचाही नाही.

यावरून दिसेल की वाचवणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: टायरच्या हवेची उंची (म्हणजे रिम आणि जमीन यांमधलं अंतर), हवेचा ताठपणा, आणि कडेवर चाक किती जोरानं आदळतं ते. चौथी गोष्ट ट्यूबची जाडी, पण तिचा नंबर शेवटचा. साधी ट्यूब २०० ग्रॅमच्या आसपास, उतारशर्यतीवाले वापरतात ती जाड ट्यूब जवळजवळ दुप्पट. ती थोडा जास्त मार खाते, पण चुकीच्या हवेला तीही कापली जाते. माझ्या हातून कापली गेली आहे, म्हणून सांगतो.

आता करायचं काय. पहिलं, गेज घ्या. सायकलच्या उभ्या पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असतो, त्यात २० आणि ३० मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. त्याच्यावर विसंबू नका. तुमचा वॉल्व्ह जाड आहे हे तुमचं नशीब. मोटरसायकलच्या टायरचं साधं हातातलं गेज त्याला बसतं, आणि मोटरसायकलची हवाही २५ ते ४० च्या पट्ट्यातली, म्हणजे तुम्हाला हव्या त्याच पट्ट्यात ते गेज चांगलं दाखवतं. दोन-तीनशे रुपयांत मिळतं. बाकी काही घेण्याआधी हे.

दुसरं, पुढे २८ आणि मागे ३२ पासून सुरुवात करा. दोन्ही चाकांत सारखी हवा भरू नका, वजन सारखं नाही. त्याच वाटेवर, त्याच कडेवरून जा. टक् आवाज आला नाही तर पुढच्या रविवारी दोन्हींतून एक-एक कमी करा. असं करत जा. ज्या आकड्याला रिमचा हलका स्पर्श जाणवेल, त्याच्या दोन वर थांबायचं. तो तुमचा आकडा. माझा नाही, आडवाटांचा नाही, पाकिटावर छापलेला नाही. मी शाळेच्या वहीत लिहितो: तारीख, पुढे, मागे, वाट, काय झालं. वर्षभरात दोन पानं भरली, पण आता अंदाज करावा लागत नाही.

हवा निघण्याच्या दिवशी सकाळी मोजा. रात्री घरात २४ अंशाला मोजलेली हवा थंडीत पहाटे टेकडीवर १२ अंशाला दीड-दोन पीएसआयनं उतरते. शिवाय ट्यूब आठवड्याला थोडी हवा आपोआप सोडतेच. दोन आठवडे हात न लावलेलं चाक तसंच घेऊन निघालात तर ठरवलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

तिसरं, ट्यूब बाहेर काढून तिच्यावर काय छापलंय ते इथं लिहा. मला एक शंका आहे.

---

टेकडीवाली

काका, मैत्रिणीच्या भावाकडून गेज आणलं आणि काल रात्री आधी सवयीप्रमाणे अंगठ्यानं हवा सोडली, मग मोजली. मागे १९. पुढे २४. पैज तुम्ही जिंकलात.

ट्यूबवर छापलंय: २७.५ × १.५०/१.७५. दुसऱ्या पंक्चरनंतर ती दुकानात नवी घातली होती. टायर तर २.१० आहे. हे चालतं का?

आडवाट, रिमवर ट्यूबलेसबद्दल काही लिहिलेलं नाही, टायरवरही नाही. म्हणजे सध्या तो रस्ता बंद.

---

जुनं_दुकान

काका म्हणालीस, मग आता तू म्हणतो.

शंका तीच होती. पावणेदोन इंचापर्यंतच्या टायरची ट्यूब २.१० मध्ये फुगते, बसते, दिसायला काही दिसत नाही. पण लहान फुगा जास्त फुगवल्यासारखी ती सगळीकडून पातळ होते. चिमट्याला पातळ रबर म्हणजे आमंत्रण. १.९० ते २.१२५ छापलेली ट्यूब घे. त्याहून मोठीही नको, मोठी ट्यूब आत दुमडते आणि घडीवर चिरते.

बसवतानाही चिमटा बसतो, तो वेगळा. टायर चढवताना लिव्हरखाली ट्यूब सापडली की टायरच्या कडेतल्या तारेजवळ एक चीर पडते, आणि माणूस दगडाला दोष देतो. म्हणून ट्यूबमध्ये आधी दोन-चार पंप हवा भर, ती गोल झाली की आत घाल. आतून थोडं शंखजिरं (टाल्कची पूड) लाव, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही, नीट सरकून बसते. आमच्याकडे त्याचा डबाच असायचा. टायरची तार रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत गेलीस तर शेवटचा वीतभर भागही अंगठ्यांनी चढतो, लिव्हर लागत नाही. मग वॉल्व्ह एकदा आत दाबून बाहेर ओढ, आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण चाक फिरवून बघ, तारेखालून ट्यूब डोकावतेय का.

जुनी ट्यूब टाकू नकोस. दोन चिरांवर एकच लांबट ठिगळ मार, दोन लहान मारून एकमेकांवर चढवू नकोस, तिथून हवा जाते. घासून, सोल्युशन लावून पाच मिनिटं थांब. ओल्या सोल्युशनवर ठिगळ चिकटवणं हा सगळ्यांचा उतावळेपणा.

आणि मागच्या चाकाच्या रिमची कड बोटानं तपास. चार वेळा आपटली आहे.

---

लीथकर

एडिंबराहून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा. इथं गेली सहा वर्षं ट्रायल्स सायकल चालवतो, त्यामुळे या धाग्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

ट्रायल्सची सायकल म्हणजे सीट जवळजवळ नाहीच, लाकडाचे ओंडके, दगड, भिंती यांवर पाय न टेकता उड्या मारत चढायचं. स्पर्धेत चाकं दोनच मापांची, २० आणि २६. आमचं मागचं चाक सगळा मार खातं. दीड मीटर उंच दगडावर उडी मारली की पूर्ण वजन मागच्या टायरवर, तेही बहुतेक वेळा दगडाच्या कडेवरच उतरतं. आणि हवा आम्हालाही कमीच लागते, नाहीतर टायर दगडाला धरत नाही. म्हणजे टेकडीवालीचा प्रश्न आमचा रोजचा आहे. कमी हवा आणि पंक्चर नाही, दोन्ही मिळतं का? मिळतं, पण त्यासाठी बाकी सगळं बदललेलं असतं. माझ्या २६ च्या सायकलला मागे २.५ चा जाड भिंतींचा टायर आहे, रिम ४७ मिमी रुंद, आत जाड ट्यूब. काकांनी सांगितलेली हवेची उंची आम्ही टायरच्या मापातून मिळवतो. २.१० वर आमची हवा मागू नये.

पण मला लिहायचंय ते तिसऱ्या गोष्टीबद्दल, चाक किती जोरानं आदळतं त्याबद्दल. टेकडीवालीनं लिहिलंय, "मी हँडल उचलून पुढचं चाक वर घेते." माझ्या मते तिच्या पंक्चरचं मूळ या वाक्यात आहे. हँडल वर ओढलं की शरीर मागे जातं. पुढचं चाक सुटतं, पण त्या क्षणाला ६० नव्हे, जवळजवळ शंभर टक्के वजन मागच्या चाकावर. आणि नेमकं तेच चाक कडेला भिडतं. म्हणून पुढचं कधीच नाही आणि मागचं दर वेळी.

करून बघा असं. कडेच्या आधी पेडल आडवी, दोन्ही एका पातळीत, सीटवरून उठून. गुडघे आणि कोपरं सैल. पुढचं चाक कडेवरून गेलं की हँडल छातीशी धरून ठेवायचं नाही, दोन्ही हातांनी पुढे लोटायचं. हात पुढे गेले की कंबर पुढे येते आणि मागचं चाक आपोआप हलकं होतं. त्याच वेळी पायाचे चवडे खाली वळवून पेडलला मागून वर उचलल्यासारखं करायचं. चाक हवेत उचललंच पाहिजे असं नाही. ते कडेवरून जाताना त्याच्यावर तुम्ही उभे नसलात म्हणजे झालं. आणि कडेवर मागचा ब्रेक धरायचा नाही. धरलेलं चाक कडेवर चढत नाही, आपटतं.

मला हे शिकायला एक हिवाळा लागला. घरामागच्या पार्किंगमध्ये फरशीवर एक चपटी लाकडी फळी ठेवायचो, त्यावरून रोज संध्याकाळी वीस वेळा. पुढचं चाक फळीवरून आवाज न करता गेलं तर एक टप्पा, मागचंही आवाज न करता गेलं तर दुसरा. कान सांगतात. याच शहरातल्या कट्ट्यांवर आणि कठड्यांवर उड्या मारून डॅनी मॅकॅस्किल २००९ मध्ये जगभर माहीत झाला. त्याच्या व्हिडिओत सायकलीकडे न बघता फक्त गुडघ्यांकडे बघा, किती उंचावरून उतरतो आणि पाय किती खोल दुमडतात. ट्यूबच्या आधी पाय मार घेतात.

पीबल्सजवळ ग्लेनट्रेसच्या डोंगरी सायकलवाटांवर आमच्यातले नवे लोक येतात तेव्हा मी पहिल्या उताराआधी सगळ्यांची हवा मोजतो. काकांची वही वाचून आनंद झाला. माझीही आहे, फोनमध्ये.

---

आडवाट_नाशिक

लीथकर, हे पटलं. ट्यूबलेसवाल्यांनाही लागू आहे. ट्यूब नसली तरी रिम दगडावर आपटतेच, आणि मग टायरची बाजूची भिंतच चिरते किंवा रिमला खळगा पडतो. ते सीलंटनं बुजत नाही. मित्रानं याच भीतीनं टायरच्या आत फोमची कडी बसवली आहे, ती मार झेलते, पण किंमत ऐकून मी गप्प बसलो. माझा वरचा प्रतिसाद "चिमटा बसणार कशाला" एवढ्यावर थांबायला नको होता.

---

माळरान_२६

काका, माझी जुनी २६ ची सायकल, टायर १.९५, वजन ८३. माझ्यासाठी सुरुवातीचा आकडा?

---

जुनं_दुकान

माळरान, मागे ४२, पुढे ३८. टायर अरुंद आणि वजन जास्त, त्यामुळे खाली उतरायला तुम्हाला फार जागा नाही. फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी मागे २.१० किंवा २.२५ चा टायर घ्या. मात्र चाक फिरवून बघा, दोन्ही बाजूंना निदान बोटभर मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक घासेल.

लीथकर, आमच्या दुकानात वडील विचारायचे "कॅरियरवर कोण होतं?" त्याचं हेच उत्तर. मागच्या चाकावर वजन कोणी टाकलं. मी तेवढ्याच प्रश्नावर मोठा झालो आणि आज टेकडीवालीचं हँडलचं वाक्य वाचूनही माझ्या लक्षात आलं नाही. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, फळी मात्र उद्याच शोधतो.

---

टेकडीवाली

पाच आठवड्यांनी परत येतेय, मुद्दाम थांबले होते.

रिमची कड तपासली. वॉल्व्हपासून डावीकडे मोजत गेल्यावर सातव्या आणि आठव्या स्पोकच्या मध्ये हलका खळगा लागला, नखाला जाणवतो, डोळ्यांना नाही. एका जाणत्या मेकॅनिकला दाखवला. म्हणाले, चाक सरळ आहे, चालव, पण दर महिन्याला बघत जा.

२.१२५ पर्यंतची ट्यूब घेतली, गेज घेतलं. दोन्ही मिळून साडेसहाशे रुपये. शंखजिरं शोधायला तुळशीबागेजवळच्या दोन दुकानांत फिरले, तिसऱ्यात मिळालं. दुकानदारानं विचारलं कशाला हवंय, सांगितल्यावर म्हणाले, सायकलसाठी मागणारं गिऱ्हाईक किती वर्षांनी आलं.

पहिल्या रविवारी २८/३२. सायकल थोडी उडाली, टक् नाही. दुसऱ्या रविवारी २७/३१. तिसऱ्या रविवारी २६/३०, पकड जवळजवळ आधीसारखी. चौथ्या रविवारी २५/२९ ला घळीपलीकडच्या कडेवर हलका स्पर्श जाणवला, पंक्चर नाही. म्हणून दोन वर, २७/३१ वर थांबले. मधल्या दिवसांत सोसायटीच्या गेटजवळ रोज संध्याकाळी फळी. वॉचमनकाकांनी तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी स्वतःहून जाडसर फळी आणून दिली. पुढचं चाक आवाज न करता जायला आठवडा लागला. मागचं अजून दहातून सहा वेळा जमतं. हात पुढे लोटायचे हे डोक्याला कळलं तरी हातांना उशिरा कळतं. पण त्या कातळावर ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मागचं चाक गेलं हे मला कळलंच नाही, पुढे जाऊन मागे वळून बघितलं.

काल मात्र चाक बसलं. मागचंच. पोटात गोळा आला. खाली उतरून सावलीत बसले, ट्यूब काढताना वॉल्व्हची जागा टायरवर खडूनं खूण करून ठेवली. एकच भोक, सुईच्या टोकाएवढं, बाहेरच्या बाजूला. खुणेवरून टायरवर नेमकी तीच जागा शोधली आणि आतून बोट फिरवलं. बाभळीचा काटा, पाऊण सेंटीमीटरचा, अजून तसाच रुतलेला. नखचिमट्यानं उपटून काढला. ठिगळ लावलं, सोल्युशन पूर्ण पाच मिनिटं वाळू दिलं, अंगठ्यांनी टायर चढवला आणि गेज लावून ३१ भरली. पावणेआठला घरी पोचले.

वही केली आहे. कालच्या ओळीत लिहिलंय: २७/३१, वेताळ टेकडी, काटा.